वाळू रिकामी नसते

पांढरी वाळू, माड आणि निळे पाणी एवढेच पाहायचे असेल तर मालवणपर्यंत येण्याची गरज नाही. महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे आणि त्यात अशा जागा पुष्कळ सापडतात. तरी सुट्टी लागली की माणसे मालवणला धाव घेतात. कारण इथला किनारा गजबजलेला असतो आणि ही गजबज पाहुण्यांनी आणलेली नसते. पाहुणा येण्याआधीपासून इथे माणसे कामात असतात. इथल्या दांडी किनाऱ्यावर दुपार कलली की होड्या लागतात, टोपल्या उतरतात, लिलावाचे बोल सुरू होतात. कुणी जाळ्यातून अडकलेली तारली सोडवत असतो, कुणी इंजिन खांद्यावर घेऊन घराकडे निघालेला असतो. मासे घेणारी आणि विकणारी यांचे बोलणे चालू असते: ‘गे काकी, बांगडे कशे?’ ‘शंभराचे धा. डोळे बघ, आताच इले हत.’ मागे सिंधुदुर्ग किल्ला दिसत असतो. पाहुणा हे सगळे मोबाइलमध्ये टिपतो आणि म्हणतो, किती जिवंत गाव आहे.

हे जिवंतपण कशावर उभे आहे, हा माझ्या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की ते मोकळ्या वाळूवर उभे आहे. भरतीच्या रेषेपासून माडांच्या पहिल्या रांगेपर्यंतचा जो पट्टा नकाशावर कोरा दिसतो, तो या गावाचा कामाचा ओटा आहे. त्याच्यावर कुणाचा सातबारा नाही. म्हणून आराखडे करणारा त्याला रिकामी जागा समजतो, आणि रिकामी समजलेली जागा कशाने तरी भरायची असते.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, कशी ओढतात ते नीट पाहिले की वाळूचा उपयोग कळतो. एक दोर किनाऱ्यावर धरलेला असतो. होडी जाळे सोडत सोडत समुद्रात मोठे अर्धवर्तुळ घेते आणि दुसरा दोर घेऊन बऱ्याच अंतरावर पुन्हा वाळूला लागते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात. पाय वाळूत रोवून, अंग मागे टाकून ती ओढू लागतात आणि ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत जातात. जाळ्याचा घेर आवळत येतो. शेवटी मधली खोळ उथळ पाण्यात आली की चकाकी दिसते आणि आरडाओरडा सुरू होतो. म्हणजे रापणीला जाळे जिथे निघते तेवढीच जागा पुरत नाही. दोन्ही दोरांमधली सगळी लांबी मोकळी लागते. रांगा सरकताना मध्ये खाटा मांडलेल्या असतील, छत्र्यांचे खांब रोवलेले असतील, उथळ पाण्यात नांगरलेल्या स्पीडबोटी असतील, तर त्या दिवशी रापण टाकताच येत नाही. पाण्याच्या रंगावरून आणि पक्ष्यांच्या झेपांवरून थवा किनाऱ्याला लागलेला कळतो. तो थांबून राहत नाही. अर्ध्या तासाच्या अडचणीने दिवस जातो.

आणि जाळे एकट्याचे नसते. रापण ही संघाची असते, तिच्यात वाटे असतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. किनाऱ्याचा कुठला पट्टा कुणाच्या रापणीचा, कुणाची पाळी आधी, हेही ठरलेले असते, आणि भांडण झाले तर ते सोडवणारी जुनी माणसे असतात. दोराला हात लावणाऱ्याला कालवणापुरते मासे मिळतात. इतक्या माणसांमध्ये इतका नाशिवंत माल रोज वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच दोराला लागायचे, याला लागणारा व्यवहार पिढ्यांनी घडवलेला आहे. सहकार म्हटले की आपण साखर कारखान्याचे नाव घेतो. त्याच्या किती तरी आधीपासून हा सहकार कागदाशिवाय चालत आला. पण कागद नसणे हीच आज त्याची कमजोरी झाली आहे.

रापण हे वाळूच्या अनेक कामांपैकी एक. त्याच पट्ट्यावर जाळी वाळतात आणि तुणली जातात. होड्या ओढून ठेवल्या जातात. जास्त आलेली मासळी मीठ लावून सुकवली जाते. एक जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते तेव्हा याच सुक्या बांगड्यांवर आणि सुक्या सुंगटांवर घरे चालतात. त्या दोन महिन्यांत होड्या वर चढवून त्यांच्यावर झावळ्या घातलेल्या असतात आणि त्यांच्या आडोशाला गप्पा, दुरुस्ती, पुढच्या हंगामाच्या उसनवाऱ्या असे सारे चालते. वाळू त्यांच्या देवाधर्माचीही जागा आहे. ज्या खडकावर पूजा करून १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधणीला आरंभ झाला, तो मोरयाचा धोंडा याच किनाऱ्यावर आहे. नारळी पौर्णिमेला सगळे मालवण बंदरावर लोटते, दर्याला नारळ जातो आणि त्या संध्याकाळी बायकासुद्धा अहमहमिकेने नारळ लढवतात. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाच्या पालख्या गावफेरीला निघतात तेव्हा त्यांची वाटही किनाऱ्यावरून जाते.

शेतकऱ्याच्या खळ्यावर वर्षातले बरेच महिने धान्य नसते. म्हणून खळे पडीक आहे असे कुणी म्हणत नाही. किनाऱ्याच्या वाळूबद्दल मात्र आपण सर्रास तसे म्हणतो. सकाळी दहा वाजता मोकळी दिसलेली वाळू चार वाजता बाजार असते, हे दहा वाजता पाहणी करून जाणाऱ्याला दिसत नाही. मे महिन्यात मोकळा दिसणारा उंचवटा जुलैत होड्यांनी भरलेला असतो, हे मे महिन्यात मोजणी करणाऱ्याला दिसत नाही. वाळूचा उपयोग वेळेप्रमाणे पालटतो आणि आपले नकाशे वेळ दाखवत नाहीत.

आता पर्यटनाची बाजू, आणि ती मनापासून मांडायला हवी, कारण ती खरी आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, देशातला पहिला. त्याआधी या जिल्ह्यातून बाहेर पडणारी वाट एकच होती, मुंबईची. घराघरातला एक तरी माणूस गिरणीत, गोदीत, नाहीतर कुठल्या कचेरीत चाकरमानी. गणपतीला आणि शिमग्याला घर भरायचे, एरवी म्हातारी आणि पोरे. मालवण शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत अठरा हजारांच्या पुढे होती, आणि त्याच्या दहा वर्षे आधीही ती जवळपास तेवढीच होती. गाव वाढत नव्हते, कारण कमावती माणसे राहत नव्हती. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २०२१च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ उघडला, आणि मधल्या काळात समुद्राखालची प्रवाळे आणि मासे दाखवणे हा इथल्या पोरांचा व्यवसाय झाला. ज्याचा आजोबा श्वास रोखून कालवे काढायला बुडी मारायचा, तो आज पाठीला सिलिंडर लावून पुण्याच्या पाहुण्याचा हात धरून खाली जातो. त्याची आई दोन खोल्या भाड्याने देते आणि पाहुण्यांना सोलकढी करून वाढते. हा पोरगा मुंबईला गेला नाही. त्याच्या आईच्या हातात स्वतःचे पैसे आले. याला नावे ठेवणारा माणूस या किनाऱ्याचा मित्र नव्हे.

पण नीट पाहिले तर या कुटुंबाचे पर्यटनही वाळूवरच्या जुन्या हक्कावर उभे आहे. घर किनाऱ्याला लागून आहे, कारण होडीजवळ राहावे लागे. होडी चालवता येते, वारा-पाणी कळते, खडक माहीत आहेत, कारण घरात मासेमारी होती. म्हणजे मासेमारीने दिलेल्या जागेचे आणि ज्ञानाचे त्याने नव्याने पैसे केले. ही साखळी उलट्या बाजूने तुटते. समजा पुढच्या पिढीत होडी गेली, जाळी गेली. मग किनाऱ्याजवळ राहण्याचे कारण काय उरले? घराची जागा बाहेरच्या भांडवलाला विकणे सोपे होते. विकल्यावर तोच मुलगा त्याच जागी उभ्या राहिलेल्या रिसॉर्टमध्ये पगारी नोकर. त्याची आई सोलकढी करते, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. पाहुण्याला फरक जाणवणार नाही. गावाला मात्र जाणवेल, कारण मालक गावातून उठून दुसऱ्या शहरात गेलेला असेल.

पर्यटन हवे की मासेमारी, हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या जागी विचारला जातो. बहुतेक घरे दोन्ही करतात आणि त्यांनी दोन्ही करावे. प्रश्न जागेचा आणि महिन्यांचा आहे. पावसाळा सरल्यावर दर्या खुला होतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे मासळीचे चांगले दिवस. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि वर्षअखेर हेही त्याच दिवसांत. पाऊस आला की जलक्रीडाही बंद आणि मासेमारीही बंद. दोन धंदे एकमेकांच्या रिकाम्या महिन्यांत आले असते तर भांडणच नव्हते. ते एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर येतात, आणि तेव्हा ज्याच्याकडे परवान्याचा कागद असतो तो जिंकतो. २०२०मध्ये राज्याने किनाऱ्यांवर शॅक म्हणजेच कुटी उभारण्याचे धोरण आणले. त्यात या जिल्ह्यातले तारकर्ली आणि कुणकेश्वर होते. २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयी भरतीरेषेपासून दहा मीटरवर चालतात असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे छत्रीला मीटरमध्ये मोजलेली जागा आहे. रापणीच्या दोराला किती मीटर मोकळे लागतात, हे कुठल्याही परवान्यावर लिहिलेले मी पाहिलेले नाही.

कायद्यात मच्छीमारांचा विचार नाही असे नाही. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ची, दुसरी २०११ची. त्यातल्या दुसरीत राज्यांना सांगितले होते की किनारा व्यवस्थापन आराखड्यांत मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, जेटी, बर्फ कारखाने आणि मासळी सुकवण्याच्या जागा दाखवा. कलम चांगले आहे. अडचण अशी की हे नकाशे ज्या मापाचे निघतात त्यात भरतीरेषा ठळक दिसते, आणि सुक्या मासळीचे खळे एक ठिपकाही होत नाही. ठिपका काढलाच तर तो सिमेंटच्या ओट्याचा काढतात, कारण तो उपग्रहाच्या चित्रात दिसतो. मोकळ्या वाळूवर मासळी वाळते ती जागा वाळूसारखीच दिसते. आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी ठेवला जातो तोही जिल्ह्याच्या कचेरीत आणि संगणकावर. ज्याची हरकत यायला हवी तो त्या वेळी समुद्रात असतो.

याच मच्छीमाराचे घर त्या रेषेच्या आत सापडते तेव्हा मात्र नकाशा अगदी अचूक असतो. भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या पट्ट्यात बांधकाम निषिद्ध, हा नियम २०१९मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी पन्नास मीटरवर आला. त्याआधी तीन दशके घराला जोडून दोन खोल्या काढणे हा गुन्हा ठरत होता. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याची वाढीव पडवी अनधिकृत ठरते आणि त्याच्या शेजारची मोकळी वाळू गुंतवणुकीस उपलब्ध ठरते. हे कुणी दुष्टपणाने केलेले नसेल. पण जो कायदा भिंती मोजू शकतो आणि वापर मोजू शकत नाही, त्याच्या हातून असेच होणार.

किनाऱ्यापासून थोडे आत, पाण्यावरही तीच गोष्ट घडली आहे. १९८७ साली मालवणच्या समुद्रातला २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा आणि पद्मगड बेटाजवळचा भाग गाभा क्षेत्रात आला. प्रवाळांचे रक्षण व्हायला हवे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या पाण्यात रोज होड्या जातात त्यावर रेघ ओढताना होडीवाल्यांना नीट विचारले गेले नाही, आणि म्हणून गावाचा अभयारण्याला विरोध राहिला, तो राहिलाच. दुसरीकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या बचत गटाने कांदळवनाची होडीसफर सुरू केली आणि खाडीचे झाड तोडू नका हे त्या बायकाच आता पाहुण्यांना सांगतात. दोन्हीकडे राखायचा निसर्गच होता. एका ठिकाणी रेघ आधी आली, दुसरीकडे काम आधी आले.

आता ताटाकडे वळू. मालवणी जेवणाची ख्याती हे पर्यटनाचे मोठे बळ आहे, आणि माझ्या मते किनाऱ्याचे भांडण सर्वांत सोप्या रीतीने मिटू शकेल ते इथेच. पाहुण्याच्या ताटात काय असते? सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, आणि परवडणारी म्हणून बांगडा थाळी. वर्षभर, रोज, सकाळ-संध्याकाळ तीच यादी. समुद्र यादीप्रमाणे मासे देत नाही. रापणीत तारली येते, पेडवे येतात, मोतयाळे, मुडदुशे, सौंदाळे, लेप, कधी बांगड्याचा थवा, कधी नुसता कचरा. यातला बांगडा सोडला तर पाहुण्याच्या यादीत काही नाही. मग खानावळवाला बाहेरून बर्फातली सुरमई आणतो. जी सुरमई इथे येते तिचा भाव चढतो आणि मालवणच्या मध्यमवर्गीय घरात इसवण, म्हणजे हीच सुरमई, सणासुदीची होते. अख्खे तळलेले पापलेट ताटात मावेल एवढेच हवे असते, म्हणून बरेचदा पूर्ण वाढ होण्याआधीच पकडलेला मासा मागितला जातो. आणि तिरफळ घातलेले तारलीचे तिखले, जे या किनाऱ्याचे खरे रोजचे अन्न, ते पाहुणा न खाताच परत जातो.

याचा परिणाम थेट वाळूवर होतो. रापणीच्या मासळीला हॉटेलात गिऱ्हाईक नसेल तर रापणकराला पर्यटनातून काहीच मिळत नाही, फक्त अडचण मिळते. मग त्याने छत्र्यांना जागा का द्यावी? उलट, संध्याकाळी दांडीवर जे उतरले तेच रात्री ताटात, अशी एक थाळी प्रत्येक खानावळीने ठेवली तर ओढणारा आणि खाणारा एकाच दोराला लागतात. फळ्यावर खडूने लिहावे: आज पेडवे. संपले तर संपले. काही घरगुती निवासांत हे आपोआप होते, कारण तिथे बाई सकाळी बाजारात जाते आणि मिळेल ते आणते. त्या घरांचे पाहुणे दरवर्षी परत येतात, हे त्या बायकांनाच विचारावे. काट्यांची भीती वाटते, असे शहरातले लोक म्हणतील. भीती घालवायला एक जेवण पुरते. मालवणची पोरे दात येताच तारली सोलायला शिकतात.

पण वाळू कितीही मोकळी ठेवली आणि तिच्यावर मासाच आला नाही तर? हा आक्षेप सर्वांत जड आहे. किनाऱ्यावरची रापण ज्या बांगड्या-तारलीच्या थव्यांची वाट पाहते, त्यांनाच बाहेर समुद्रात पर्ससीनचे जाळे वेढा घालते आणि खालून आवळून अख्खा थवा उचलते. रात्री एलईडीचे झोत सोडून मासा गोळा केला जातो. परराज्यातले मोठे ट्रॉलर आत घुसतात. थवा किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. या संघर्षाचा इतिहास लांब आहे आणि तो गोव्याच्या रापणकारांशी जोडलेला आहे. १९७०च्या दशकात तिथे माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले, यांत्रिक जाळ्यांनी किनाऱ्याजवळ यायचे नाही ही त्यांची मागणी होती, आणि त्या लढ्याच्या रेट्याने किनारी राज्यांमध्ये कायदे आले. गोव्याचा १९८०चा, महाराष्ट्राचा १९८१चा. कोणत्या नौकेने किती वाव पाण्याच्या आत यायचे नाही हे त्यामुळे कायद्याने ठरू लागले. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी ती लढाई पुढे चालवली. ५ फेब्रुवारी २०१६च्या शासन आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ आणि मर्यादित परवाने ठरवले. २०१७मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१मध्ये राज्याच्या कायद्यात दंड कडक झाले. कायदे कमी नाहीत. रात्री समुद्रात जाऊन ते राबवणारी गस्त कमी आहे.

गोव्याचे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण तिथे समुद्रावरची लढाई कायद्याने जिंकली आणि वाळूवरची हरली. कलंगुट-बागा किनाऱ्यावर आज खाटांच्या आणि कुटींच्या रांगा आहेत. रापण ओढायला लागणारी सलग मोकळी लांबी तिथे हंगामात शोधावी लागते, आणि अनेक होड्या आता डॉल्फिन दाखवायला नेतात. ते लोक सुखी नाहीत असे मी म्हणणार नाही. अनेकांनी घरे बांधली, पोरे शिकवली. पण किनाऱ्यावर येणाऱ्या पैशातला मोठा वाटा कुणाचा आणि कामगार कोण, हे तिथल्या कुठल्याही जुन्या कुटुंबाला विचारले तर ते लांबलचक सांगतील. मालवणला अजून दोन्ही लढाया हातात आहेत. दांडीला, वायरीला, तारकर्लीला अजून दोर ओढला जातो, आणि पाहुणे दोराला हात लावतात. हे अजून आहे, म्हणून आताच बोलायला हवे.

दोन्ही लढाया एकमेकींवर टेकलेल्या आहेत. पर्ससीनविरुद्ध आवाज उठवायला किनाऱ्यावर रापणकर उभा असावा लागतो. ज्या दिवशी त्याला वाळूवर जागा उरणार नाही, त्या दिवशी समुद्रातल्या थव्याची चौकशी करणाराही कुणी राहणार नाही. मग पर्यटनाला हवा असलेला समुद्रही राखणार कोण?

आणखी एक शंका मला प्रामाणिकपणे विचारली जाते. पारंपरिक हक्क म्हणजे एका जातीची मक्तेदारी नव्हे का? मालवणच्या किनाऱ्यावर गाबीत या मच्छीमार समाजाचे काम मोठे आहे, हे खरे. पण वाळूवर मासे विकत घेऊन डोक्यावर पाटी नेणारी बाई, होडी दुरुस्त करणारा सुतार, बर्फ फोडणारा, आणि आता मोठ्या नौकांवर खलाशी म्हणून आलेली नेपाळची पोरे, हे सगळे त्याच वाळूवर पोट भरतात. मी मागतो तो हक्क कामाला आहे, जन्माला नाही. जो त्या पट्ट्यावर मासे ओढतो, सुकवतो, विकतो, जाळे विणतो, त्याला त्या वेळी ती जागा मिळावी. त्याच्या आडनावाशी कर्तव्य नाही. गाबीत घरातल्या मुलाने वाळूवर कायमचे सिमेंट ओतले तर त्यालाही हीच आडकाठी असली पाहिजे. असे प्रसंग आहेत, आणि त्याबद्दल गावात मोकळेपणाने बोलले जात नाही, ही आमची उणीव आहे.

कायमचे सिमेंट हा मुद्दा धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांपाशी सर्वांत कठीण होतो. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेली चिंचोळी पट्टी. वादळी भरतीला लाटा माडांच्या मुळांशी येतात. मे २०२१च्या तौक्ते वादळात या किनाऱ्याने काय भोगले ते सर्वांनी पाहिले. घर वाहून जाण्याची भीती ज्याला आहे तो दगडांचा बंधारा मागणारच, आणि ते मागण्याचा त्याला अधिकार आहे. पण दगड पडले की होडी लावायला उतार राहत नाही आणि रापण ओढायला वाळू राहत नाही. लाट दगडावर आपटून पायथ्याची वाळू खरवडून नेते, आणि बंधाऱ्याच्या टोकाला शेजारच्याची वाडी धुपू लागते. नदीतून होणारा वाळूउपसा थांबवणे, पुळणीवरची मर्यादवेल आणि झाडोरा राखणे, दगड घालणे अटळच असेल तिथे होड्यांसाठी मोकळी दारे सोडणे, ही कामे बंधाऱ्याच्या निविदेइतकी मोठी दिसत नाहीत. म्हणून ती मागे पडतात.

मग करायचे काय? माझी मागणी साधी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. नगरपरिषदेने आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आपापल्या वाळूची नोंद स्वतः करावी. रापणीचा पट्टा कुठून कुठपर्यंत, तिला सलग किती लांबी लागते. होड्या कुठे चढतात. मासळी कुठे सुकते, कोणत्या महिन्यांत. लिलाव किती ते किती. पालखीची वाट, नारळाची जागा. नकाशाशेजारी घड्याळ आणि पंचांग ठेवून केलेली नोंद. ती ग्रामसभेत वाचावी, ठराव करावा, आणि जिल्ह्याच्या किनारा आराखड्यात जोडायला लावावी. कुटीचा, खाटांचा, जेट-स्कीचा प्रत्येक परवाना या नोंदीवरून तपासून द्यावा: अमुक पट्टा सकाळी मोकळा मिळेल, दुपारी तीननंतर उचलावा लागेल. रापण टाकली की भोंगा वाजेल आणि पाण्यातली वाहने बाजूला होतील. पाहुण्यांना हे जाचक वाटणार नाही. रापण पाहायला तर ते आलेले असतात.

वादही होतील. दोन रापण संघ एकाच पट्ट्यावर हक्क सांगतील, शेजाऱ्याची पडवी नोंदीच्या रेषेत येईल, कुणी म्हणेल आमच्या वाडीपुढे मासळी सुकवू नका, पाहुण्यांना वास येतो. हे वाद आजही आहेत. नोंद करताना ते माणसांसमोर येतील आणि जुन्या जाणत्यांच्या हयातीत मिटतील. ज्यांना पट्ट्यांच्या हद्दी तोंडपाठ आहेत ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

हे काम जून-जुलैत करावे. तेव्हा होड्या वाळूवर असतात, त्यामुळे कुणाची जागा कुठली हे विचारावे लागत नाही. दर्या बंद असल्याने माणसे घरी सापडतात, आणि पाहुणे नसल्याने खोल्या भाड्याने देणारी घरेही मोकळी असतात. नारळी पौर्णिमेच्या आत ग्रामसभेचा ठराव व्हायला हवा. एकदा नारळ पडला की होड्या पाण्यात जातात आणि मग मे महिन्यापर्यंत या गावात कुणालाच वेळ नसतो.